के-ए-एल

१

सकाळी चहा घेऊन मी गच्चीवरच्या खोलीत जायचे आणि आदल्या दिवशी माझ्या कृष्णविवराने किती वायू गिळला ते ऐकायचे.

हो, ऐकायचे. चित्रं सगळेच बघतात. केशरी तबकडी, मधे काळं भोक, व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करायला बरं. पण चित्रात बिघाड लपतो, कानाला तो लगेच टोचतो. म्हणून मी हिशोबाच्या प्रत्येक पायरीला काठ ओलांडून किती वायू आत पडला, त्या आकड्यांचा आवाज करून घेतला होता. दिवसभराचं गिळणं काही मिनिटांत दाबून भरलेलं. सगळं ठीक असलं की सुपात तांदूळ पाखडल्यासारखं ऐकू यायचं. वायूबरोबर आलेलं चुंबकीय क्षेत्र काठाशी साचून त्यालाच अडवायला लागलं की आवाज घोगरा, तुटक व्हायचा. मग कुठूनतरी एक बारीक वाट फुटायची आणि सगळं सर्रकन आत.

खोली माधव नगरच्या आमच्या घराची. पाण्याच्या टाकीशेजारी एक दार, एक खिडकी, एक टेबल. कृष्णविवराची नक्कल मशीनवर चालवणारा कोड फुकट मिळतो, जगात कोणीही उतरवून घ्यावा. मशीन रुचिरचं, माझ्या शाळेपासूनच्या मित्राचं, जुनं गेमिंगचं.

मी एम. एस्सी. सोडली. का, ते एकदाच सांगते. माझ्या गाइडने प्रोजेक्टच्या नावाखाली मला त्याच्या मुलीच्या लग्नपत्रिकांवर पत्ते लिहायला बसवलं. मी विचारलं, सर, कृष्णविवर? तर म्हणाला, "बेटा, तुम्हारी राइटिंग बहुत सुंदर है।" मी पेन तिथेच ठेवलं आणि बस पकडली.

बाबांनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं. बाबा म्हणजे दत्तात्रय मास्तर, सरकारी शाळेत उभा जन्म भौतिकशास्त्र शिकवलेले. त्यांच्या मते प्रयोग म्हणजे जो हाताला लागतो. बाकी सगळा व्हिडिओ गेम. हे वाक्य त्यांनी मला न सांगता आईला सांगितलं, मी समोर बसलेली असताना. "तिला सांग" हे आमच्या घरातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं क्रियापद झालं होतं. मीही काही कमी नाही. मीसुद्धा "त्यांना सांग" सुरू केलं.

हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांना जिने आणि वजन, दोन्ही बंद केलं होतं. म्हणूनच मी गच्चीवरची खोली घेतली. खोटं कशाला बोलू? जिथे ते येऊ शकत नाहीत अशी घरात एवढी एकच जागा होती.

२

बंगळुरूच्या एका संस्थेत कृष्णविवरांवर काम करणाऱ्या मधुरा मॅडम आहेत, मला त्यांच्या हाताखाली जायचं होतं. त्यांना मी कागदपत्रं काहीच पाठवली नव्हती, फक्त आवाज पाठवला आणि लिहिलं की प्रवाह अडल्यावर पुन्हा कुठून वाट काढणार हे मला आधी ऐकू येतं. त्यांचं उत्तर आलं: हे खरं असेल तर डिग्री नसली तरी चालेल. पण हिशोबाचा एकच सलग रन, शेवटपर्यंत, मेअखेर.

सलग. हा शब्द उज्जैनमध्ये राहणाऱ्याला विचारा. सिंहस्थाच्या नावाने सगळं शहर खोदून ठेवलंय. नानाखेड्याकडून खोदत आलेलं मशीन आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोचलं होतं आणि रोज कुठली ना कुठली केबल तोडत होतं. माझा यूपीएस म्हातारा, पाच मिनिटांत बेशुद्ध पडणारा. मशीन मधेच मेलं की साठवलेली अवस्था बिघडते, हे माझं दोनदा झालं होतं. तिसऱ्यांदा झालं तर मेअखेर गाठणं अशक्य. खाली एक छोटा इन्व्हर्टर होता, ऑपरेशननंतर बाबांच्या टेबलफॅनसाठी आणलेला. बॅटरी पोटातच, दोन्ही बाजूंना कड्या, पाण्याने भरलेल्या दोन बादल्यांएवढा जड. तो मी मागणार नव्हते. मेले असते तरी मागितला नसता.

आता दोन छोट्या गोष्टी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

एक, हा कोड रिकामी जागा सहन करत नाही. वायू वाहून गेला आणि हिशोबासाठी जागेच्या पाडलेल्या एखाद्या चौकटीत काहीच उरलं नाही, तर भागाकारात शून्य येतं आणि सगळं कोसळतं. म्हणून कोड अशा ठिकाणी पदरचा थोडासा वायू घालतो. तो कुठून येतो? कुठूनच नाही. मी त्याला तळ म्हणते. सगळेच हे करतात आणि शोधनिबंधात एका ओळीत उरकतात.

दुसरी, फोल्डरचं नाव. रोजच्या फायली जागेवर टाकणारी छोटी स्क्रिप्ट रुचिरने लिहून दिली. मी फोनवर सांगितलं, आवाज 'काल'मध्ये टाक. त्याने इंग्रजी अक्षरांत के-ए-एल असं फोल्डर केलं आणि त्यात दुसऱ्या दिवशी जिथून रन पुढे न्यायचा ती अवस्थाही ठेवायला लागला.

"हे काय करून ठेवलंस?" मी विचारलं.

"तूच म्हणालीस ना, कल. कल जे चालवायचंय, ते."

"मी काल म्हटलं. मराठीत. काल म्हणजे होऊन गेलेला."

"मग होणाऱ्याला काय म्हणणार होतीस?"

"उद्या."

"यार, उज्जैनमध्ये राहून एवढी शुद्ध मराठी नको झाडूस. आमच्याकडे आई पण म्हणते, जाऊ दे, कल बघू. आता तो कल गेलेला की येणारा, आपण समजून घ्यायचं."

चालतंय ना, मग राहू दे, असं मी म्हटलं. के-ए-एल तसंच राहिलं, गेलेलं आणि येणारं एकाच पेटीत.

३

मे लागला तेव्हाची गोष्ट. सकाळी ऐकताना तांदळाच्या आवाजात मधेच एक गोल फिरणारा आवाज आला. स्टीलचं झाकण फरशीवर पडून घरंगळतं, तसा. आधी सावकाश, मग भरभर, मग इतका भरभर की एकच सूर होतो, आणि गप्प.

मी खुर्चीतून उडालेच. आनंदाने. वायूचा एखादा गोळा आत सरकताना असाच फिरणार, काठाजवळ जाताना वेग वाढवत. हे तर मला ऐकायचंच होतं. मी त्या वेळची चित्रं काढून गोळा शोधायला बसले. दुपारपर्यंत शोधला. गोळा नव्हता. तबकडी तिथे गुळगुळीत होती.

दुसऱ्या दिवशी मी पाणी प्यायला खाली गेले. आई पातेल्यावरचं झाकण काढत होती, ते तिच्या हातून निसटलं. फरशीवर पडलं, घरंगळलं, सावकाश, मग भरभर, मग एकच सूर. गप्प.

"अगंबाई," आई म्हणाली.

मी ग्लास तसाच ठेवून वर गेले आणि ती फाइल पुन्हा लावली. झाकण बसल्यावर, ज्याला मी गोंगाट म्हणून सोडून दिलं होतं, तिथे चार ठोके होते. ते 'अगंबाई'च्या चालीवर पडत होते.

मी अंधश्रद्ध घरात वाढले, पण स्वतः तशी नाही. त्यामुळे मी कारणं काढली. माणसाचा मेंदू गोंगाटात बोलणं शोधतोच. स्टीलची झाकणं प्रत्येक घरात रोज पडतात. मशीनला माइक आहे का? नाही, स्पीकर एक आणि तोही मीच विकत आणलेला. फाइल आदल्या दिवशीची आहे का? आहे. वेळ बघितली, पुन्हा बघितली. झाकण पडायच्या आधी ती तयार होऊन बसली होती.

रुचिरला विचारलं. तो म्हणाला, "झोप पूरी कर."

पुढच्या आठवड्यात शेजारच्यांची स्कूटर सुरू होता होता बंद पडली, ती मी आदल्या सकाळी ऐकली होती. गल्लीतलं खोदायचं मशीन मधेच खाकरून थांबलं, तेही. प्रत्येक वेळी मी कारण काढलं. कारणं उत्तम होती. फक्त दर वेळी ती थोडी लांब होत होती.

आणि एक गोष्ट मला आवडत नव्हती. हे आवाज कुठेही येत नव्हते. वायू अडून काठाशी जागा रिकामी पडली, कोडने तळ घातला, की तिथेच यायचे.

४

मग तो आवाज आला.

आधी घोगरेपणा, मग तुटकपणा. क्षेत्राने वायूला अडवलं होतं. मग काहीच नाही, नुसता तळ, दूर कुठेतरी नळ गळतोय इतकाच. आणि त्यावर लोखंडी जिन्यावरची पावलं. एक पाऊल, थांबणं, दम. एक पाऊल, थांबणं, दम. खोलीच्या दारावर तीन ठोके. हाताचे नव्हेत, कोपराने मारावेत तसे.

"मृणू, उघड."

बाबांचा आवाज. मृणू म्हणून त्यांनी मला शेवटची हाक कधी मारली ते मला आठवत नव्हतं. आवाजात राग नव्हता. घाई होती, आणि दम नव्हता.

मग लांब शांतता. दार उघडलं जाईल म्हणून मी वाट बघत राहिले. ते उघडल्याचं ऐकू आलं नाही. मग एक धप्प आवाज. काहीतरी जड खाली आल्याचा.

मग फाइल संपली.

मी उठून दार उघडून बघितलं. जिना रिकामा होता, ऊन मी म्हणत होतं. खालून बाबांचा खोकला ऐकू आला, त्यांच्या खोलीतून. मग कुकरची शिट्टी. घर आपल्या जागेवर होतं.

रुचिरला फोन लावला आणि काही न सांगता फोन स्पीकरजवळ धरला.

"अंकल आहेत ना हे?" तो म्हणाला.

तोपर्यंत मला आशा होती की त्याला नुसते तांदूळ ऐकू येतील.

"हं."

"काल वर आले होते?"

"बाबा वर येत नाहीत. त्यांना बंद आहे."

"मग कल," तो म्हणाला.

त्याने विनोद केला होता. आम्ही दोघंही हसलो नाही. तो हळू म्हणाला, "मृण्मयी, तो शेवटचा आवाज कसला आहे?"

मी फोन ठेवला.

५

मशीन बंद करायला दोन बटणं पुरतात. मी त्यांवर बोटं ठेवून बराच वेळ बसले. पण फाइल तर तयार झाली होती, रन थांबवून ती न झालेली कशी होणार? हे एक कारण. मला बंगळुरूला जायचं होतं, हे दुसरं. दोन्ही खरी होती, आणि दुसरं जास्त खरं होतं म्हणून मला स्वतःचा राग आला. मी बोटं उचलली.

मग राहिला एकच उपाय. बाबांना वर येऊ द्यायचं नाही.

संध्याकाळी जेवायला तात्या होते, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. आमचे पूर्वज शिंदे सरकारच्या दफ्तरात होते हे ते आमटीबरोबर रोज वाढून घेतात. त्या दफ्तराच्या पुण्याईवर आमच्या तीन पिढ्या नुसत्या खुर्च्या झिजवत आल्या, हे मात्र कोणी सांगत नाही.

"काय गं," तात्या म्हणाले, "तुझं भोक काय म्हणतंय?"

"तुमची आठवण काढतं, तात्या. या म्हणतं."

आई पदराआड हसली. बाबा हसले नाहीत, पण त्यांचा घास एक क्षण थांबला.

"मुलीची जात, एवढी हुशार, आणि गच्चीवर बसून पंखे ऐकते," तात्या म्हणाले. "दत्तू, तुझं काही चालत नाही का घरात?"

मी ताटाकडे बघत म्हटलं, "आई, बाबांना सांग, उद्या वर येऊ नका."

"तिला सांग," बाबा म्हणाले, "मी कधी येतो वर?"

"त्यांना सांग, कधीच नका येऊ. उद्या तर अजिबात नको."

"तिला सांग, घर अजून माझं आहे."

आईने पोळीचा डबा आपटला. "मी काय पोस्टमन आहे? समोरासमोर बसलाय दोघं. एकाला हृदयाचा त्रास, एकीला डोक्याचा, आणि मधे माझा जीव जातोय."

मला सांगायचं होतं. बाबा, मी तुमचा आवाज ऐकला, तुम्ही दारात पडलात. पण हे वाक्य तात्यांसमोर बोलून बघा. बाबांसमोर तर त्याहून अवघड. हाताला लागलं का? नाही. मग व्हिडिओ गेम.

जेवण उरकताना बाबा म्हणाले, "तिला विचार, लाइट गेल्यावर ते तिचं किती वेळ चालतं."

मी ताट उचललं. मग म्हटलं, "पाच मिनिटं."

"हं," बाबा म्हणाले आणि ताक प्यायले.

६

सकाळी मी वर जाऊन रन बघितला. क्षेत्र काठाशी साचत होतं, आवाज घोगरा व्हायला लागला होता. मी दार नुसतं ओढून घेतलं आणि खाली आले. आतल्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. तिथून बाबांच्या खोलीचं दार समोर दिसतं. ते बाहेर आले की मी आडवी होणार होते. भांडण झालं तरी चालेल, भांडणात माणूस जागच्या जागी उभा राहतो.

दार लोटलेलं होतं. आत टेबलफॅन घरघरत होता. आई भाजी आणायला गेली होती. ऊन अंगणात उतरलं, मी बसून राहिले. फॅनची घरघर ऐकून मला हळूहळू बरं वाटायला लागलं. बाबा फॅनसमोर पेपर वाचत असणार. माझ्या डोक्यात रचलेल्या त्या लांब लांब कारणांपैकी एखादं खरं असणार.

गल्लीतलं मशीन खाकरलं. लाइट गेली.

फॅन मंदावला. पाती दिसायला लागतील इतका मंदावला असेल, असं मी ऐकत बसले. मग तो थांबला.

घर एकदम गप्प झालं आणि त्या गप्पपणात मला कळलं. तो फॅन थांबायला नको होता. तो इन्व्हर्टरवर चालतो.

मी दार ढकललं. खोलीत कोणी नव्हतं. फॅनची वायर भिंतीत खोचलेली होती, इन्व्हर्टरच्या जागी धुळीत एक स्वच्छ चौकोन होता. मागच्या अंगणाकडचं, कायम बंद असणारं दार उघडं होतं.

लोखंडी जिना मागच्या अंगणातून वर जातो. मी खालच्या पायऱ्या चढले तेव्हा बाबा वर पोचलेले होते. वळणावरून मला ते पाठमोरे दिसले. इन्व्हर्टर दोन्ही हातांत, पोटाशी घट्ट धरलेला. बनियन पाठीला चिकटलेलं. त्यांनी खांद्याने दार ढकललं. दार हललं नाही. आतून कडी होती.

मी दार नुसतं ओढलं होतं. बाबा वर, मी इथे. आत कोण कडी लावणार?

त्यांनी कोपराने तीन ठोके मारले.

"मृणू, उघड."

मी इथे आहे, असं मला ओरडायचं होतं. पण मी त्या दाराकडे बघत राहिले. आतून यूपीएस बोंबलत होता, टूं, टूं, आणि त्याखाली तांदळाचा आवाज नव्हता, नुसता तळ. नळ गळल्यासारखा. बाबांचे गुडघे वाकले. मला ते स्पष्ट दिसलं, आधी डावा वाकला. इन्व्हर्टर घसरायला लागला आणि त्याच्याबरोबर तेही.

आतून कडी सरकली.

दार जेमतेम हातभर उघडलं. आत अंधार होता, मशीनच्या निळ्या दिव्याइतका उजेड. त्यातून दोन हात बाहेर आले आणि त्यांनी इन्व्हर्टरची समोरची कडी धरली. मनगटापर्यंतच दिसले. उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती, हळदीने पिवळी झालेली.

"सांभाळून," बाबा म्हणाले. "जड आहे."

आतून कोणीतरी उत्तर दिलं. शब्द मला कळले नाहीत, सूर कळला. ओळखीचा होता. फक्त त्यात चिडणं नव्हतं.

बाबांचे गुडघे सरळ झाले. ते आत गेले. आणि मग तो आवाज आला, धप्प, काहीतरी जड खाली ठेवल्याचा.

मी उरलेल्या पायऱ्या कशा चढले आठवत नाही. दारात पोचले तेव्हा बाबा टेबलाजवळ गुडघ्यांवर बसले होते, माझ्याकडे पाठ, यूपीएसची वायर उपटायच्या नादात. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. दारामागे नव्हतं. खिडकीला गज आहेत.

"बघत काय राहिलीस?" ते न वळता म्हणाले. "वायर दे."

मी वायर दिली. त्यांनी ती इन्व्हर्टरमध्ये खोचली. टूं टूं थांबलं. मशीन चालूच होतं. पडद्यावर काठाच्या एका कोपऱ्यात वायूला बारीक वाट फुटली आणि स्पीकरमधून तांदूळ सर्रकन वाहिले.

"हा आवाज?" बाबांनी विचारलं. आईला नाही, मला.

"आत पडणाऱ्या वायूचा."

त्यांनी बराच वेळ ऐकलं, छातीवर हात ठेवून, दम खात. मग म्हणाले, "अडतो आणि मग सुटतो."

"हो."

"का सुटतो?"

"तेच शोधते आहे, बाबा."

रात्री जेवताना त्यांनी थेट माझ्याकडे बघितलं. "अंगठ्याला काय लागलंय गं तुझ्या?"

मी दोन्ही हात ताटाशेजारी पालथे ठेवले, मग उताणे. दोन्ही अंगठे धड होते. बाबांनी चष्मा सारखा केला, पुन्हा बघितलं, आणि भाताकडे वळले.

७

रन मेअखेर पूर्ण झाला. तोवर लाइट गेली की बाबा फॅनशिवाय झोपले आणि रोज आईमार्फत नव्हे तर जिन्याच्या तळाशी उभं राहून विचारायचे, सुटला का? मी वरून ओरडायचे, अडलाय. तात्या म्हणायचे, बाप-लेक दोघांनाही लागण झाली. के-ए-एलमध्ये त्यानंतर वायूशिवाय काही आलं नाही. मी रोज ऐकलं. घाबरत ऐकलं, पण ऐकलं.

मधुरा मॅडमनी तीन ओळींचं उत्तर पाठवलं. शेवटची ओळ होती: कान घेऊन ये.

निघायच्या दिवशी मी वर खोकी भरत होते. मशीन आधीच खोक्यात गेलं होतं, स्पीकरही. टेप कापताना कटर सटकला आणि अंगठा बराच कापला. आईने हळद दाबून जुन्या ओढणीची चिंधी बांधली, वर चार शिव्या दिल्या, आणि खाली गेली. तात्या शेवटचा उपदेश घेऊन वर येतील म्हणून मी आतून कडी लावली.

मग माझं हाताकडे लक्ष गेलं.

मी उभी राहिले. खोली रिकामी होती, टेबलावर धुळीत मशीनचा चौकोन. खालून बाबांचा आवाज येत होता. ते तात्यांशी वाद घालत होते, प्रयोग कशाला म्हणावं यावर. "हाताला लागतं म्हणजे फक्त हातालाच का?" ते ओरडत होते, आणि तात्या म्हणत होते, "दत्तू, तुला ऊन लागलंय."

जिन्यावर पाऊल वाजलं.

एक पाऊल, थांबणं, दम. खालून बाबा अजून ओरडतच होते. एक पाऊल, थांबणं, दम. कुठूनतरी नळ गळत होता. स्पीकर खोक्यात होता, टेप लावलेला, तरी मी त्याकडे बघितलं.

दारावर तीन ठोके पडले, कोपराने मारलेले.

"मृणू, उघड."

त्या दिवशीसारखीच मी दाराकडे बघत राहिले. मी हलले नसते तरी चाललं असतं, असं आजही कोणीतरी मला पटवून देऊ शकेल. ते सगळं होऊन गेलं होतं, बाबा खाली धडधाकट होते, दारापलीकडे कोण होतं हे मला बघायचं नव्हतं. कारणं उत्तम होती.

पण दारापलीकडचा दम मला ऐकू येत होता, आणि डावा गुडघा आधी वाकतो हे माहीत होतं.

मी कडी सरकवली आणि हात पुढे केले.

"सांभाळून," बाबा म्हणाले. "जड आहे."

"द्या इकडे," मी म्हटलं.

आणि ते वजन माझ्या हातांना लागलं.